भातातली टाचणी म्हणजे चतुराचं पिल्लू नव्हे

बेळगाव-खानापूरच्या व्हॉट्सॲप गटांवर पावसाळ्यात एक चित्र फिरतं. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: भाताच्या शेतातल्या बारीक टाचण्या (चतुरासारखे दिसणारे सडपातळ कीटक) ही चतुराची पिल्लं, लाल शेपटीचा नर, हिरवी ती मादी, टाचण्या दिसल्या की पाणी शुद्ध, आणि मोबाइलवर एक फोटो काढला की जात कळते. शाळेतली मुलंही हे पाठ म्हणून दाखवायला लागलीत, म्हणून लिहायला बसलो.

पिल्लांचं आधी. पंख फुटून उडायला लागलेला कीटक पुढे वाढत नाही. चतुर आणि टाचणी दोघांचंही बालपण पाण्यात जातं, पण टाचणीच्या अळीला शेपटाशी पानासारखे तीन कल्ले असतात; चतुराच्या अळीला ते नसतात. येळ्ळूरच्या शिवारात बांधावरच्या गवतात बसलेली, जेमतेम 2 सेंटिमीटरची ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया जातीची टाचणी पूर्ण वाढलेलीच असते.

रंगाचा दावा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. पिग्मियाच्या नराच्या शेपटीचं टोक विटकरी असतं, हे बरोबर. पण कोवळी मादीही लालसर असू शकते आणि वयात आल्यावर मळकट हिरवी होते. म्हणजे त्या चित्राच्या हिशेबानं एकच मादी आज नर आणि काही दिवसांनी मादी! इश्नुरा सेनेगालेन्सिस या दुसऱ्या जातीच्या टाचणीत नराच्या शेपटीच्या टोकाशी निळा पट्टा असतो; तिच्या काही माद्या थेट नरासारख्या रंगाच्या, तर काही कोवळेपणी नारिंगी. त्यापेक्षा खालून बघा. नराच्या पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली फुगवटा असतो. मादीची शेपटी टोकाकडे जाडसर असते, कारण अंडी घालायचा अवयव तिथे असतो. साधं भिंग पुरतं.

शुद्ध पाण्याचं म्हणाल, तर हीच सेनेगालेन्सिस आणि सगळीकडे दिसणारी पिवळ्या अंगाची सेरिअग्रिऑन कोरोमांडेलिआनम घाणेरड्या, साचलेल्या पाण्यावरही तग धरतात. शहराचं सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याकाठी टाचणी दिसली म्हणून ते पाणी शुद्ध ठरवायचं का? माझा खरा राग या दाव्यावर आहे. उद्या एखाद्या तळ्याची तक्रार केली, तर हेच चित्र कुणीतरी पुढे करेल. खानापूरच्या जंगलातल्या सावलीच्या, वाहत्या झऱ्यांना धरून राहणाऱ्या टाचण्यांची गोष्ट वेगळी. पाणी बिघडलं की त्या टिकत नाहीत. म्हणून आधी जात कळायला हवी.

ती एका फोटोत कळेलच असं नाही. ॲग्रिओक्नेमिसच्या जाती वेगळ्या काढायला नराच्या शेपटीच्या टोकावरचे चिमट्यासारखे आकडे बघावे लागतात, तेही बाजूने. वरून काढलेल्या फोटोत ते नीट दिसत नाहीत. सकाळी दव असताना टाचण्या फारशा उडत नाहीत. तेव्हा एक फोटो बाजूने, एक वरून, एक शेपटीच्या टोकाचा जवळून घ्या. पंखाच्या टोकाजवळचा ठिपकाही टिपा, सेनेगालेन्सिसच्या नराच्या पुढच्या पंखावर तो दुरंगी असतो. आणि जागा, तारीख लिहून ठेवा.