भरवणारी सून आणि ओरेम

नर्सिंगच्या सिद्धांतांवरचा एक लेख वाचला. नर्सिंगचे सिद्धांत परीक्षेपुरते, वॉर्डात नुसते हात चालतात, हे त्यातलं वाक्य पटलं नाही. हात कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा, हे आपण माणूस कसा समजतो त्यावरच ठरतं. नर्सिंगचा सिद्धांत मांडणाऱ्या अमेरिकन नर्स डोरोथिया ओरेमच्या मते माणूस मुळात स्वतःची काळजी घेऊ शकतो. तो कमी पडेल तेवढंच नर्सनं भरून काढायचं.

आता ठाण्यातला कुठलाही मेडिसिन वॉर्ड बघा. पॅरालिसिसचे आजोबा, डावा हात चांगला चालतोय, पण सून भरवतेय. "आम्ही असताना त्यांनी कशाला त्रास घ्यायचा?" सेवा म्हणून ठीक, पण चालता हातही आळसावतो. लेखक म्हणतात, ओरेमचा एकटा, स्वावलंबी माणूस आपल्याकडचा नाही. अर्धंच खरं. नातेवाइकांनी केलेली काळजीही तिच्या सिद्धांतात आहे, आणि त्यांना शिकवणं हे नर्सचंच काम. म्हणून मी सुनेला उठवत नाही, चमचा आजोबांच्या हातात द्यायला लावते.

दुसरी नर्सिंग सिद्धांतकार मार्था रॉजर्स हिचा 'माणूस म्हणजे ऊर्जाक्षेत्र' हा विचार मात्र (१९७०) मला आजही झेपत नाही. नाइट ड्यूटीला त्याचं चार्टवर काय लिहायचं, लेखकांनी सांगावं!