लेबल नेमकं कॅमेऱ्याकडेच कसं?

हा प्रकार आता डोक्यात जायला लागलाय. क्रिकेटवरची नवी डॉक्युमेंटरी लावावी तर खेळाडू सोफ्यावर बसून बोलतोय, समोर टीपॉयवर बाटली आणि तिचं लेबल बरोब्बर कॅमेऱ्याकडे, पुढच्या सीनमध्ये तो गाडीतून उतरतो तर आधी गाडीचा लोगो, मग पाय, मग माणूस! आणि कोणी बोललं की उत्तर तयार, अहो ती वातावरणनिर्मिती आहे.

वातावरणनिर्मिती मला कळते हो. १९९६ च्या वर्ल्डकपचं नावच विल्स वर्ल्डकप होतं, चक्क सिगारेटचा ब्रँड, मग ते फुटेज दाखवताना विल्स दिसणारच. ९८ साली शारजात सचिनने दोन दिवसांच्या अंतराने १४३ आणि १३४ ठोकले ती स्पर्धा म्हणजे कोकाकोला कप, तिथलं ते नाव पुसून टाकलं तर उलट खोटं वाटेल. क्रिकेटमध्ये पैसा कसा शिरला हे त्यातूनच तर दिसतं.

पण टीपॉयवरची बाटली कुठला काळ दाखवते? तीच बाटली तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आईच्या आठवणीने त्या पोराचा गळा दाटून आलाय तेव्हासुद्धा फ्रेममध्ये! इतका राग येतो ना तेव्हा. पैसे घेतलेत तर घ्या, डॉक्युमेंटरी बनवायला पैसा लागतोच, पण मग सुरुवातीलाच ठळक पाटी टाका ना की ह्या कंपनीने पैसे दिलेत. आम्ही खरी गोष्ट बघायला बसतो आणि त्याचे सबस्क्रिप्शनचे पैसे आधीच भरलेले असतात.