किंग यांनी म्हणे कधी कायदा मोडला नाही

‘मार्टिन ल्यूथर किंग यांनी कधी रस्ता अडवला नाही, कायदा मोडला नाही, कुणाची गैरसोय केली नाही. गांधीजींचं ऐकलं, एक भाषण केलं आणि अख्खी अमेरिका मागे उभी राहिली. आपल्या मोर्चेवाल्यांनी शिकावं!’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय. भाचीनं तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

कायदा मोडला नाही? किंग हे अमेरिकेतल्या काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणारे नेते. तिथल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये १० एप्रिल १९६३ ला न्यायालयानं मोर्च्यांवर मनाईहुकूम काढला. १२ तारखेला, गुड फ्रायडेला, किंग तो धुडकावून चालत निघाले आणि तुरुंगात गेले. तिथून लिहिलेल्या पत्रावर १६ एप्रिल ही तारीख आहे. ज्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होतं, त्यांचं म्हणणं या फॉरवर्डसारखंच होतं: न्यायालयात जा, रस्त्यावर कशाला येता?

भाषणाऐवजी हे पत्र वाचावं. त्यात आंदोलनाची पद्धतच दिली आहे. आधी अन्यायाची माहिती गोळा करायची, मग वाटाघाटी, मग स्वतःची तयारी आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष कृती. वाटाघाटींत व्यापाऱ्यांनी दुकानांतल्या वर्णभेदाच्या अपमानकारक पाट्या काढायचं कबूल केलं. थोड्या निघाल्या आणि पुन्हा लागल्या. तयारी म्हणजे शिबिरं. मार पडला तर उलट हात न उचलता सोसशील का, तुरुंगवास निभेल का, हे तिथं पुन्हापुन्हा विचारलं जाई. मुहूर्त ईस्टरचा धरला, कारण नाताळ सोडला तर वर्षातली सर्वांत मोठी खरेदी तेव्हाच होते. गल्ला बसला की व्यापारी बोलायला येतो, हा साधा हिशेब. मध्ये महापौरपदाची निवडणूक आली तेव्हा मुद्दा झाकोळू नये म्हणून आंदोलन पुढेही ढकललं. गैरसोय ही ठरवून केलेली होती: ताण एवढा वाढवायचा की बोलणी टाळणाऱ्याला बोलावंच लागेल. कायदा मोडायचा तोही उघडपणे, शिक्षा भोगायच्या तयारीनं.

यात दगडफेक बसत नाही, हे कबूल. बस फोडणाऱ्याला किंग जरूर ऐकवा. नुसत्या चालत जाणाऱ्याला कशासाठी?

‘एक भाषण’ हे तर फारच झालं. वॉशिंग्टनचं ते प्रसिद्ध भाषण, ‘आय हॅव अ ड्रीम’, २८ ऑगस्ट १९६३ चं. त्याच्या पावणेआठ वर्षं आधी, ५ डिसेंबर १९५५ ला, अलाबामातल्याच माँटगोमेरीत, बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध, बसवर बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस चालला. बसचे सुमारे तीन चतुर्थांश उतारू काळे, त्यामुळे कंपनीचं कंबरडं मोडलं. सुरुवातीला काळे टॅक्सीवाले बसच्याच दरात, दहा सेंटमध्ये, नेत. तेव्हा शहरानं ४५ सेंटच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला. मग सुमारे ३०० खासगी गाड्या आणि ठरलेले थांबे अशी समांतर व्यवस्था उभी राहिली. तर गाड्यांचा विमा रद्द होऊ लागला. तो शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून मिळवावा लागला. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, फेऱ्या एक दिवस बंद राहिल्या तर काय होतं हे पुणेकराला माहीत आहे. तिथं लोकांनी हे वर्षभर स्वतःहून चालवलं, आणि सोबत न्यायालयातला दावाही लढवला.

गांधीजींचं अर्धं खरं आहे. ऋण किंग यांनी स्वतःच मानलं, १९५९ मध्ये ते भारतातही येऊन गेले. पण बहिष्काराच्या सुरुवातीला त्यांच्या घरात बंदुका होत्या. बायर्ड रस्टिन यांच्यासारख्या अहिंसक चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी अहिंसेची शिस्त हळूहळू अंगवळणी पाडली.

‘अख्खी अमेरिका’? १९६६ च्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ६३ टक्के लोकांचं त्यांच्याबद्दलचं मत प्रतिकूल होतं. त्यांच्या जयंतीच्या सुट्टीचा कायदा १९८३ चा, हत्येनंतर १५ वर्षांनी झालेला.

आणि आपल्याकडच्यांनी शिकायचंच तर पर्वती जवळ आहे. १९२९ मध्ये तिथं अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह झाला. पां. ना. राजभोज आणि शिवराम जानबा कांबळे हे दलित नेते पुढे होते, तरुण एस. एम. जोशीही सामील होते, आणि सत्याग्रहींवर दगड आले. या फॉरवर्डच्या हिशेबानं तिथं रस्ता नेमका कुणी अडवला होता?