बेसचा रंग वेगळा, रेघेचा वेगळा: ‘सगळे फेस पेंट सारखेच’ या दाव्याचा प्रतिवाद

गणपतीचे दिवस आणि शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की एक संदेश पालकांच्या आणि सोसायट्यांच्या गटांतून फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: फेस पेंटचे ब्रँड म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, आत सगळ्यांचा रंग एकच, कोणताही एक संच घ्यावा, त्यातूनच बेस (म्हणजे चेहऱ्यावरचा पहिला, पसरट थर) करावा आणि त्यातूनच रेघा ओढाव्यात, रेघ फिसकटली तर दोष हाताचा, रंग बसत नसेल तर पाणी वाढवावे, आणि खर्च टाळायचा असेल तर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेला अक्रिलिक किंवा एखादा नैसर्गिक रंग चालतो. गेली अकरा वर्षे मी मुलांचे चेहरे रंगवते आहे आणि यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य मला कधी ना कधी महागात पडले आहे.

‘आत रंग एकच’ हे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पटते. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, काळ्या-तपकिरी छटांसाठी लोहाची ऑक्साइडे, ही रंगद्रव्ये फेस पेंटच्या बहुतेक वड्यांमध्ये (डबीतल्या घट्ट रंगात) सापडतात. पण चेहऱ्यावर वड्या वेगळ्या वागतात त्या रंगद्रव्याला धरून ठेवणाऱ्या माध्यमामुळे. पाण्याने उठणाऱ्या रंगांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. मेहरॉनचा पॅराडाइज, बर्लिनच्या क्रायोलनचा ॲक्वाकलर, ऑस्ट्रेलियातला टॅग हे ग्लिसरीनप्रधान. वुल्फ आणि डायमंड एफएक्स हे मेणप्रधान. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे अशी वडी मऊ राहते, ओल्या स्पंजच्या दोन फेऱ्यांत उठते आणि गालावर सहज पसरते. मात्र लावलेला रंगही तितक्याच सहजपणे पुन्हा ओला होतो. मेणाची वडी घट्ट असते, सुकल्यावर तिचा थर त्वचेला बिलगून बसतो आणि वरून दुसरा ओला रंग फिरवला तरी लगेच उखडत नाही.

एवढे ध्यानात घेतले की ‘त्यातूनच बेस, त्यातूनच रेघ’ या सल्ल्यातली गोम दिसते. बेसच्या रंगाने पातळ पसरावे, शेजारच्या छटेत मिसळावे आणि मूल हसले-रडले तरी त्वचेबरोबर हलावे, अशी आपली अपेक्षा असते. रेघेच्या रंगाने मात्र कशातही मिसळू नये, एका फटकाऱ्यात गडद उमटावे आणि उमटले तिथेच थांबावे. एकाच वडीकडून या दोन्ही गोष्टी मागणे म्हणजे पुरणपोळीच्या सैल कणकेच्या पुऱ्या लाटण्यासारखे आहे. लाटल्या जातील, पण फुगणार नाहीत. उलट बाजूने केलेली चूकही मी पाहिली आहे. मेणाच्या पांढऱ्याने भुताचा संपूर्ण चेहरा जाड थरात भरला, तर पहिल्या हास्याबरोबर नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत भेगा पडतात, आणि दुसरा थर देऊन त्या बुजत नाहीत, उलट पापुद्रे सुटू लागतात.

दोष हाताचा, हा मुद्दा नवख्या माणसाला सर्वांत खच्ची करणारा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. हाताला सराव हवा आणि ब्रशला टोक हवे, याबद्दल वाद नाही. पण हात तोच ठेवून रंग बदलून पाहावा. मनगटाच्या आतल्या बाजूला केशरी बेसचे दोन पट्टे ओढावेत, पूर्ण सुकू द्यावेत, आणि तीन नंबरच्या गोल ब्रशने एकावर ग्लिसरीनच्या काळ्याच्या व दुसऱ्यावर मेणाच्या काळ्याच्या पाच-पाच मिशा काढाव्यात. माझ्या हातावर पहिल्या पट्ट्यावरच्या मिशांच्या कडा अर्ध्या मिनिटात तपकिरी होतात, कारण काळा रंग खालचा केशरी विरघळवून आपल्यात ओढतो. पांढरी रेघ असती तर ती फिकट केशरी झाली असती. दुसऱ्या पट्ट्यावरच्या मिशांची टोके सुईसारखी राहतात. दोन मिनिटांनी दोन्हींवरून किंचित दमट बोट फिरवले की उरलेला संशयही फिटतो.

हे मला कळले ते मात्र प्रयोगाने नव्हे. जुलैतल्या एका वाढदिवसाला, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका बंद हॉलमध्ये, मी बारा वाघ एकाच मऊ संचातून रंगवले होते. पहिल्या वाघाने उसाचा रस पिऊन मनगटाने ओठ पुसला आणि त्याच्या सहा मिशांची एक भरघोस मिशी झाली. त्याच्या आईने ‘हा तर हवालदार झाला’ असे म्हणून ते हसण्यावारी नेले, पण मला उरलेल्या अकरांची धास्ती लागली. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा ग्लिसरीनचा थर चिकचिकीत राहतो. तोच संच मी मे महिन्यात नागपूरला वापरला आहे आणि तिथल्या कोरड्या हवेत त्याने बेससाठी उत्तम काम दिले. त्यामुळे ‘अमुक ब्रँड सर्वोत्तम’ हा उलट बाजूचा दावाही मी मान्य करत नाही. कोणत्या कामासाठी आणि कोणत्या हवेत, हे विचारल्याशिवाय ब्रँडचे नाव सांगण्यात अर्थ नाही. इंग्लंडचा स्नाझारू हा नवशिक्यांचा नेहमीचा संच याचे चांगले उदाहरण आहे: हलक्या बेसला तो छान आणि धुऊन सहज निघतो, पण गडद बेसवर त्याची पांढरी रेघ मला कधी पुरेशी ठळक मिळालेली नाही.

पाणी वाढवण्याचा सल्ला निम्म्या ठिकाणी नेमका उलटा पडतो. बेसचा स्पंज पिळून जवळजवळ कोरडा असावा लागतो; पाणी जास्त झाले की गालावर ओरखडे आणि ओघळ दिसतात. रेघेला पाणी लागते, पण तेही मोजके: ब्रश वडीवर गोल फिरवत रंग दौतीतल्या शाईइतका सरसरीत करायचा, मग टोक वळवून घ्यायचे. रेघ मध्येच फाटली तर पाणी कमी, सुरुवातीला थेंब साचला तर जास्त.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. अक्रिलिकच्या बाटलीवरचे ‘नॉन-टॉक्सिक’ हे शब्द कागद-कॅनव्हासवरच्या वापरापुरते असतात. तो रंग त्वचेसाठी बनवलेला नसतो, सुकल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो आणि सोलताना भुवईची लव घेऊन येतो. चेहऱ्याचा रंग हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि आपल्याकडे त्याला २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू होतात. म्हणून डब्यावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत, तसेच देशी मालावर उत्पादन परवान्याचा आणि आयात मालावर नोंदणीचा क्रमांक पाहावा. अर्थात ब्रँडेड म्हणजे निर्धोक, असेही नाही. २००९ साली अमेरिकेतल्या एका ग्राहकहितवादी मोहिमेने मुलांचे दहा फेस पेंट तपासले, तेव्हा दहांतही शिसे आढळले. ते प्रमाण दशलक्ष भागांत एकाहूनही कमी होते, तेव्हा घबराट नको. पण काहींमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियमही होते आणि ते त्वचेला ॲलर्जी आणू शकतात. कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून एक दिवस वाट पाहणे, हे कोणत्याही ब्रँडच्या बाबतीत चुकवू नये.

राहिला ‘नैसर्गिक’ हा शब्द. हरताळ, हिंगूळ आणि मुर्दाडशिंग ही तिन्ही नावे जुन्या रंगभूषेत भेटतात. हरताळ आर्सेनिकचे, हिंगूळ पाऱ्याचे आणि मुर्दाडशिंग शिशाचे संयुग आहे. तिन्ही खनिजे म्हणून निसर्गात सापडतात.

ज्यांनी आधीच मऊ रंगांचा मोठा संच घेतला आहे, त्यांनी तो टाकून देण्याचे कारण नाही. तो बेससाठी आणि छटा मिसळण्यासाठी ठेवावा. त्याच्या जोडीला मेणाच्या फक्त दोन वड्या घ्याव्यात, एक काळी आणि एक पांढरी, साधारण ३० ग्रॅमच्या. माझ्या पेटीत या दोन वड्या वेगळ्या डबीत, वेगळ्या पाण्यासह आणि वेगळ्या ब्रशसह असतात, आणि त्यांना स्पंज लावायची परवानगी माझ्या मदतनीस मुलींनाही नाही.