अपघाताची जागा नेमकी लिहा

काही वर्षं मी रस्ते अपघातांच्या नोंदी संगणकात भरायचं आणि तपासायचं काम केलं. हजारो फॉर्म डोळ्यांखालून गेले. त्यामुळे "जिथे अपघात होत नाहीत नेमके तिथेच पोलीस कसे उभे असतात?" असं कुणी चिडून विचारलं की मला त्या फॉर्मवरचा एक रकाना आठवतो. ठिकाण.

त्यात काय काय लिहिलेलं असायचं ते सांगते. 'पुलाजवळ'. 'पुलाच्या अलीकडे'. 'जुन्या नाक्यासमोर'. 'शाळेच्या वळणावर'. 'पेट्रोल पंपाच्या पुढे शंभर मीटर'. वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या हवालदारांनी केलेल्या या नोंदी. संगणकाच्या लेखी या पाच जागा होत्या, प्रत्येकीच्या नावावर एक-दोन अपघात, म्हणून पाचही यादीत तळाला. एकदा त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या एका सहकाऱ्याची नजर पडली. म्हणाला, "अहो, हे सगळं एकच आहे. पूल उतरल्यावर लागतं ना, ते वळण." पाचही नावं एकत्र केली आणि ते वळण एकदम यादीत सगळ्यात वर आलं. तोवर तिथे वेगाची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. रस्त्यावर पोलीस कुठे आणि किती वाजता उभे राहणार, हे अपघाताची नोंद करणाऱ्या माणसाच्या हातात असतं. आणि त्या कामाला आपण कागदी सोपस्कार समजतो.

यामागचं कारण मला असं दिसतं: अपघाताचा अहवाल मुळात कोर्टासाठी आणि विम्यासाठी लिहिला जातो. तिथे प्रश्न असतो दोष कुणाचा. म्हणून कोणती गाडी कुठून आली, कुणी कुणाला धडक दिली, गाड्यांचे नंबर काय, हे तपशीलवार येतं. कुठे आणि केव्हा हे मात्र ओळखण्यापुरतं लिहिलं की भागतं, कारण न्यायाधीशांना 'पुलाजवळ' पुरतं. उद्याचा अपघात टाळायचा असेल तर ते पुरत नाही. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, येणाऱ्या बाजूला की जाणाऱ्या, हे कळल्याशिवाय तपासणीची गाडी उभी करायची कुठे?

आता फोनमध्येच अक्षांश-रेखांश मिळतात, मग अडचण काय, असं कुणी म्हणेल. अडचण आहे. नकाशावर एका जागी ठिपक्यांची रास दिसली म्हणून आम्ही एकदा मोठ्या काळजीने ती जागा पाहायला घेतली, तर ते निघालं पोलीस ठाणंच. कारण फॉर्म भरला जायचा ठाण्यात बसून, ड्युटी संपता संपता, आणि यंत्र त्या क्षणी जिथे असेल तिथलीच जागा नोंदवायचं. रस्त्यावर पडलेली माणसं नकाशावर ठाण्याच्या दारात येऊन पडली होती.

वेळेचंही तसंच. एकदा मी नुसत्या वेळा काढून त्यांचा आलेख केला. बरोबर ८, बरोबर ९, बरोबर १० वाजता उंच मनोरे, अधेमध्ये साडेच्या जागी लहान, बाकी जवळपास सपाट. अपघात काही घड्याळाचे टोले ऐकून होत नाहीत. लिहिणारा अंदाजाने पूर्ण तास टाकतो. तासाभराची चूक चालून जाते असं वाटतं. पण शाळा सुटायची वेळ आणि त्यानंतरचा तास यांत रस्त्यावरची माणसंच बदललेली असतात. एका तासात मुलं रस्ता ओलांडत असतात, पुढच्या तासात कामावरून सुटलेले लोक घाईने घरी निघालेले असतात. दोन्ही वेळचा बंदोबस्त वेगळा.

मी हात जोडून सांगते, यात लिहिणाऱ्याला दोष देऊ नका. मध्यरात्री, पावसात, रक्त सांडलेल्या रस्त्यावर एका हाताने वाहतूक वळवत दुसऱ्या हाताने फॉर्म भरून बघा. आधी जखमींना हलवायचं, रस्ता मोकळा करायचा, नातेवाइकांना कळवायचं. रकाने शेवटी येतात आणि ते तसंच असायला हवं. म्हणून फॉर्म छोटा हवा. जागा यंत्राने घटनास्थळीच टिपायला हवी, आणि चुकली तर नंतर नकाशावर बोट ठेवून दुरुस्त करता यायला हवी. साठ-सत्तर रकान्यांचा फॉर्म हाती द्यायचा आणि वरून अचूकतेची अपेक्षा करायची, हा त्या माणसावर अन्याय आहे.

बरं, एवढं करूनही पोलिसांच्या नोंदी म्हणजे सगळे अपघात नव्हेत. सायकलवरून एकटाच घसरून पडलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, थेट दवाखान्यात जातो. स्वीडनमध्ये 'स्ट्राडा' नावाच्या यंत्रणेत पोलिसांची आणि रुग्णालयांची माहिती एकत्र जोडतात ती यासाठीच. घटनास्थळी 'किरकोळ जखमी' म्हणून लिहिलेला माणूस आठवड्याने दगावू शकतो. म्हणून अनेक देशांत अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू धरतात. पण ते धरायचं तर कुणीतरी ३० दिवस पाठपुरावा करायला हवा ना? ज्या नोंदीकडे पहिल्या रात्रीनंतर कुणी फिरकलं नाही, तिच्यात तो माणूस कायमचा 'किरकोळ जखमी' राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली जगभरात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. ५ ते २९ वर्षं या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण हेच. हा आकडा वाचून आपण हळहळतो आणि पुढे जातो, कारण तो कुठल्याच एका चौकाचा नसतो. आपल्या हातात असतो तो एक चौक.

आता त्या चौकाच्या आकड्यांबद्दल. इथे चांगल्या मनाची माणसंही फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. समजा १०० चौक आहेत, सगळे अगदी सारखेच धोक्याचे, प्रत्येकी वर्षाला सरासरी ४ अपघात. तरी एखाद्या वर्षी त्यातल्या साधारण ११ चौकांत ७ किंवा त्याहून जास्त अपघात होतील. निव्वळ योगायोगाने, कारण अपघात विखुरतातच असे. आपण ती यादी पाहून त्या ११ चौकांत पोलीस उभे करतो. पुढच्या वर्षी तिथले अपघात जवळपास निम्म्याने कमी होतात. सगळ्यांना आनंद होतो. पण तिथे कुणीही उभं राहिलं नसतं तरी ते तितकेच कमी झाले असते! चौक आपल्या सरासरीवर परत आले, एवढंच. आणि ज्या चौकाची सरासरी खरोखर ६ आहे, पण नशिबाने त्या वर्षी ३च अपघात झाले, तो यादीत आलाच नाही.

टोरांटोचे अभियंते एझ्रा हाउअर यांनी ही गफलत वर्षानुवर्षं लोकांना समजावून सांगितली. त्यावर त्यांनी पुढे आणलेला उपाय ऐकायला साधा आहे: त्या जागेचा स्वतःचा आकडा एकटा धरू नका, तशाच प्रकारच्या इतर जागांची सरासरीही मोजा आणि दोन्हींचा मेळ घालून अंदाज बांधा. हे गणित जमत नसेल तर निदान एका वर्षावर जाऊ नका. तीन ते पाच वर्षांच्या नोंदी एकत्र घ्या, आणि तुलना करताना तिथून वाहनं किती जातात तेही बघा. जास्त वर्दळीच्या चौकात अपघात जास्त दिसणारच.

मला सगळ्यात जास्त खटकते ती दुसरीच गोष्ट. बऱ्याच ठिकाणी कारवाईचं नियोजन अपघातांवरून होतच नाही, मागच्या चलनांवरून होतं. गेल्या महिन्यात इथे इतक्या पावत्या फाडल्या, म्हणजे इथे बेशिस्त जास्त, म्हणून याही महिन्यात इथेच उभे राहा. पण पावत्या तिथेच फाटतात जिथे पोलीस आधीपासून उभे असतात! त्या आकड्यातून कळतं ते एवढंच की आपण कुठे होतो. मोकळा, सरळ, सावलीचा रस्ता गाडी थांबवायला सोयीचा, म्हणून चलनं तिथे जास्त. अंधाऱ्या वळणावर गाडी बाजूला घ्यायला जागाच नाही, म्हणून तिथे चलन शून्य. महिनाअखेरीस अधिकाऱ्याला चलनं किती हेच विचारलं जात असेल, तर तो सरळ रस्त्यावरच उभा राहणार, यात त्याची काय चूक? विचारायला हवं की तुझ्या हद्दीतल्या त्या वळणावर गंभीर अपघात किती झाले, आणि तू तिथे कोणत्या वेळी होतास.

कारवाईने फरक पडतो, हे मी मनापासून मानते. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे वेग थोडासा खाली आणला तरी जीव वाचतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ मध्ये कुठल्याही चालकाला संशयाशिवाय थांबवून श्वासाची चाचणी घ्यायला सुरुवात केली, आणि दारूमुळे होणारे जीवघेणे अपघात लक्षणीय घटले. त्यात दंडाच्या रकमेपेक्षा महत्त्वाचं होतं ते 'आज मला थांबवतील' हे रोज वाटणं. पण हे वाटायला हवं योग्य रस्त्यावर, योग्य रात्री. दारू पिऊन होणारे अपघात शनिवारी मध्यरात्रीनंतर होत असतील आणि नाकाबंदी मंगळवारी दुपारी लागत असेल, तर तिचा काही उपयोग नाही.

आणि काही जागांचं दुखणं पोलिसांच्या हातातलं नसतंच. वळणावर झाडी आडवी येते, दुभाजकाला भलत्याच ठिकाणी फट आहे, दिवा बंद आहे. नोंदी नीट असतील तर हेही दिसतं. एकाच जागी, एकाच दिशेच्या गाड्या, रात्रीच, एकाच प्रकारे आदळताहेत असं दिसलं की ते प्रकरण रस्ता बांधणाऱ्यांकडे गेलं पाहिजे. तिथे हवालदार उभा करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

शेवटचं एक सांगते. नोंद करणाऱ्यांना त्यांच्या नोंदींचं पुढे काय होतं हे कधीच कळत नव्हतं. फॉर्म वर जायचा आणि तिथेच थांबायचा. आम्ही एकदा नकाशा छापून थेट ठाण्यातल्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर हवालदार त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग मला बोलावून त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हा इथे नाही. ती बाई बसथांब्यापाशी पडली होती. मी होतो तिथे." ठिपका साठेक मीटर सरकवला. त्यांनी आणखी दोन दाखवले, तेही सरकवले. तिन्ही ठिपके त्या बसथांब्यासमोर एकत्र आले, तिन्ही संध्याकाळी सात ते आठच्या मधले, तिन्ही पायी चालणारे. त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशाच्या कडेला त्या आठवड्याच्या ड्युटीची वेळ लिहिली, आणि संध्याकाळी ते स्वतः तिथे जाऊन उभे राहिले.