खुलासा : चेक भाषेत ‘पुरे’ कसे म्हणावे

चेक घरी जेवताना आग्रह झाल्यास ‘माम तोहो दोस्त’ म्हणावे, असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्यातल्या ‘दोस्त’चा अर्थ ‘पुरेसे’ असला, तरी या वाक्याचा रूढ अर्थ ‘मला याचा वीट आला आहे’ असा होतो, आणि हौसेने वाढणाऱ्या यजमानीणबाईंना ते ऐकवणे बरे नव्हे. त्याऐवजी ‘द्येकुयी, उश नेमूझू’, म्हणजे ‘आभारी आहे, आता जात नाही’, असे म्हणावे. पोट भरल्याचे सांगताना पुरुषाने ‘सेम नायेदेनी’ आणि स्त्रीने ‘सेम नायेदेना’ म्हणायचे असते. जुन्या वळणाच्या बिअरगृहांत मात्र शब्दांपेक्षा ग्लासावर ठेवलेली पुठ्ठ्याची चकती लवकर कळते. ती ठेवेपर्यंत रिकाम्या ग्लासाच्या जागी भरलेला येत राहतो.