डोक्यावर निळं आकाश आहे, म्हणून?

नदीच्या पात्रातून चालत जायच्या अरुंद घळींबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच: ‘डोक्यावर आकाश निळं असेल तर बिनधास्त उतरा. पाणी आलंच तर त्याचा आवाज आधी येतो, मागे फिरायला वेळ मिळतो. पाणी गुडघाभरच असतं. पोहता येत असेल तर प्रश्नच नाही. भर उन्हाळ्यात वाळवंटात थंडी कसली? वाहतं पाणी शुद्धच असतं. आणि परवाना मिळाला म्हणजे त्यांनी सगळं तपासलेलंच आहे.’

हा सल्ला पसरतो कारण बहुतेक दिवशी तो खरा ठरतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात झायन राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या ‘नॅरोज’ या घळीत व्हर्जिन नदीची उत्तर शाखा हीच वाट असते. मोसमात रोज शेकडो माणसं तिथे काठी टेकत, पाणी उडवत जातात आणि संध्याकाळी हसत परत येतात. परत आलेला माणूस मग आपला अनुभव नियम म्हणून सांगायला लागतो. त्या नियमांचं एकेक वाक्य तपासू.

पहिलं आकाशाचं, कारण तेच सगळ्यात घातक आहे.

घळीच्या तळातून दिसतं ते आकाश नसतं, आकाशाची चिंधी असते. नॅरोजच्या ‘वॉल स्ट्रीट’ नावाच्या भागात दोन्ही बाजूंचे कडे तीनशे मीटरपर्यंत चढतात आणि पात्राची रुंदी कुठे कुठे सहा-सात मीटरच उरते. तिथून मान वर करून जेवढं दिसतं तेवढ्यावर हवामान ठरवणं म्हणजे किल्लीच्या भोकातून गावची जत्रा पाहणं. बरं, अख्खं आकाश दिसलं असतं तरी उपयोग मर्यादितच होता. घळीत येणारं पाणी घळीवर पडलेलं नसतं. ते वरच्या पठारावर, कित्येक किलोमीटर दूर पडतं. तिथे उघडा कातळ, पातळ माती, विरळ झुडपं; ढगफुटीसारखी सर आली की पाणी जिरायला वेळच मिळत नाही, ते सरळ ओहोळांत उतरतं. दहा ओहोळांचा एक ओढा, दहा ओढ्यांची एक नदी, आणि त्या सगळ्याची शेवटची नळी म्हणजे आपण उभे आहोत ती जागा. (गंमत म्हणजे हाच वालुकाश्माचा कातळ शांतपणे पडणारं पाणी वर्षानुवर्षं पोटात मुरवतो आणि घळीच्या भिंतींतून झऱ्यांच्या रूपानं सोडतो. नॅरोजमधला ‘बिग स्प्रिंग’ असाच आहे. त्याला घाई मात्र चालत नाही.)

१२ ऑगस्ट १९९७ ला शेजारच्या ॲरिझोना राज्यात लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. ती तर एरवी कोरडीच असणारी घळ. वादळ कित्येक किलोमीटर वरच्या बाजूला झालं होतं. जिथे माणसं मेली तिथे नाव घेण्यासारखा पाऊसही नव्हता. त्या गटातला एकटा वाटाड्या वाचला. आकाशाकडे पाहून निर्णय घ्यायचा नियम त्या दिवशी सगळ्यांनी अगदी काटेकोर पाळला असता, तरी निकाल बदलला असता असं मला वाटत नाही.

आता ‘आवाज आधी येतो’. कधीकधी येतो, हे मान्य. पण नदीतून चालताना कानात नदीचाच आवाज भरलेला असतो, आणि घळ सरळ नसते. लोंढा शेवटच्या वळणामागे येईपर्यंत त्याची गर्जना कड्यांमध्ये अडकलेली असू शकते. त्यानंतर हातात उरतात ते क्षण, मिनिटं नव्हेत. आणि ‘मागे फिरायचं’ म्हणजे कुठे? नदीतल्या गोट्यांवरची चाल शेवाळलेल्या नारळांवरच्या चालीसारखी असते. तासाला दीड-दोन किलोमीटर गेलात तरी खूप. पुराचं पाणी सेकंदाला चार मीटर वेगानं आलं, तर तो वेग तासाला चौदा किलोमीटरहून जास्त होतो. शर्यत लावायचं कारणच नाही. उद्यानाची सूचनाही तीच आहे: पळू नका, वर चढा. दोन-चार फूट उंची मिळाली तरी जीव वाचू शकतो. मग पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसायचं, त्यात अख्खी रात्र गेली तरी चालेल. अडचण एवढीच की वॉल स्ट्रीटमध्ये चढायला जागा जवळजवळ नाही. म्हणून तिथे शिरण्याआधीच, शेवटचा उंचवटा कुठे मागे पडला हे डोक्यात नोंदवून ठेवणारा माणूस मला आवाजाची वाट पाहणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो.

खऱ्या खुणा आवाजाच्या आधीच्या असतात आणि बऱ्याच साध्या. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, मघाशी कोरडा असलेला दगड आता ओला आहे, पायाला लागणारी ओढ वाढली, वारा नसताना गडगडाट. यातलं एकही दिसलं की फोटो बाजूला.

‘पाणी गुडघाभरच असतं’ हे वाक्य वर्तमानकाळात बरोबर आहे. भविष्यकाळाबद्दल ते काही सांगत नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला व्हर्जिनच्या उत्तर शाखेचा प्रवाह सुमारे पंधरा मिनिटांत ५५ क्युसेकवरून २,६३० क्युसेकवर गेला. धरणाच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्यांना दोन-अडीच हजार क्युसेक किरकोळ वाटतील. पण धरणाखालची नदी पसरते, घळीला पसरता येत नाही. हिशेब करून पाहा: ५५ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण दीड टन पाणी, २,६३० म्हणजे साधारण चौऱ्याहत्तर टन. सात मीटर रुंदीच्या जागेतून ते सेकंदाला चार मीटर वेगानं गेलं, तरी खोली अडीच मीटरच्या वर जाते. मघाशी जिथे गुडघे ओले होत होते, तिथे.

आणि हे पोहण्याचं पाणी नसतं. त्यात चिखल असतो, ओंडके असतात, गडगडत येणारे धोंडे असतात. दोन्ही बाजूंना कातळ, धरायला काठ नाही. २७ जुलै १९९९ ला स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेनबाख ओढ्यात एकवीस जण गेले, त्यांत तीन मार्गदर्शक होते. ते तिघे पाण्याच्या खेळातले जाणकार होते, भोळे पर्यटक नव्हते. २० ऑगस्ट २०१८ ला इटलीतल्या रागानेल्लो घळीत दहा जण गेले. पोहता येणं चांगलंच, एखादा डोह पार करताना उपयोगीही पडतं. लोंढ्यापुढे ते कौशल्य मोजायला कुणी थांबत नाही.

थंडीचा मुद्दा लोकांना इतका अविश्वसनीय का वाटतो कळत नाही. वाळवंट तापलेलं असतं ते वर. तळाशी ऊन दिवसातून थोडाच वेळ पोचतं आणि पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. ऐन उन्हाळ्यातही चार-पाच तास कमरेएवढ्या पाण्यात काढले की दात वाजू लागतात, बोटं गाठ सोडायला नकार देतात. उन्हाळा सरल्यावर तर खेळच वेगळा. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एक जोडपं परवाना घेऊन नॅरोजच्या वरच्या टोकापासून खाली यायला निघालं. ती वाट सुमारे सव्वीस किलोमीटरची आहे. पूर आला नाही, वादळ नव्हतं. थंडीनं बायको गेली, नवरा कसाबसा वाचला. त्या दिवशीही आकाश कसं होतं याला काही अर्थ नव्हता. सुती कपडे आणि जीन्स ओल्या झाल्या की अंगावरचा बर्फच. निओप्रीनचे (ओले झाले तरी ऊब धरणाऱ्या रबरी कापडाचे) मोजे, बंद बूट आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड, एवढं तरी हवं.

वाहत्या पाण्याच्या शुद्धतेबद्दल फार लिहायची गरज नाही. २०२० च्या जुलैपासून व्हर्जिनच्या या शाखेत विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे वाढणारे जिवाणू) सापडल्याचे इशारे आहेत. पाणी उकळून किंवा साध्या फिल्टरनं ते विष जात नाही. प्यायचं पाणी पाठीवरून न्या, डोकं बुडवू नका.

राहिला परवाना. वरून खाली पूर्ण घळ उतरायची तर परवाना लागतो. खालच्या टोकाकडून बिग स्प्रिंगपर्यंत जाऊन परत यायला लागत नाही. म्हणजे बहुसंख्य लोकांच्या बाबतीत कुणीच काही ‘तपासलेलं’ नसतं. प्रवाह १२० क्युसेकच्या वर असेल तर परवाने देत नाहीत, १५० च्या वर गेला तर खालून जायलाही बंदी. हे आकडे नदीच्या त्या वेळच्या प्रवाहाचे आहेत, दुपारच्या ढगाचे नाहीत. ढगासाठी रोज पूरशक्यतेचा वेगळा दर्जा जाहीर होतो, चढत्या क्रमानं: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. तो वाचून निर्णय घ्यायचा तो तुम्ही. वर सांगितलेल्या १४ सप्टेंबर २०१५ लाच झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये सात जणांचा गट उतरला. परवाना त्यांच्याकडे होता, आणि दिवसाचा दर्जा ‘संभाव्य’ होता. सातातलं कुणीही परत आलं नाही. नंतर घळी बंद केल्या गेल्या खऱ्या, पण आत शिरलेल्या माणसाच्या फोनला रेंज नसते. त्या गटाला मूर्ख म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. परवान्याच्या कागदाला हवामानाचं प्रमाणपत्र समजण्याची चूक आपण सगळेच करू शकतो.

पुराचा इशारा लागला की नॅरोज बंद होते, आणि इशारा उठल्यावरही आणखी दोन तास बंदच ठेवतात. त्या दोन तासांत डोक्यावरचं आकाश पुष्कळदा लख्ख निळं असतं, आणि समोर चहाच्या रंगाची नदी ओंडके घेऊन चाललेली असते.